ताई, आधी कपाटातला तो फोन चार्जिंगला लावा

पत्र: मी बार्शीला राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माझ्या अँड्रॉइड फोनमध्ये एकोणीस हजारांवर फोटो आहेत. नातवंडं, शाळेचे कार्यक्रम, सहली, शेताचे कागद आणि रोजचे सुप्रभात. ‘जागा संपली’ असं फोन रोज सांगतो. पुण्यातला मुलगा म्हणतो, गुगल फोटोजला पैसे भर. टोरांटोची मुलगी आयफोन वापरते, ती म्हणते आयक्लाऊड चांगलं. पुतण्यानं एक गॅलरी ॲप टाकून दिलं, त्यात फोटो उघडायच्या आधी जाहिरात येते. आमचे हे जाऊन एकोणीस महिने झाले. त्यांचा फोनही अँड्रॉइडच, तो तेव्हापासून कपाटात बंद आहे. पॅटर्न मला माहीत आहे, पण उघडायचा धीर झाला नाही. त्यांनी काढलेले सगळे फोटो त्यात आहेत. चुकून एखादं बटण दाबलं आणि सगळं गेलं तर, या भीतीनं मी माझ्या फोनमधलाही एक फोटो पुसलेला नाही. नेमकं कोणतं ॲप घेऊ?
— एक वाचक, बार्शी

ताई, नमस्कार.

ॲपचं सांगतोच. पण तुमचं पत्र वाचताना मी ‘एकोणीस महिने’ या शब्दांपाशी थांबलो, कारण त्यात एक मुदत दडलेली आहे. तुमच्या यजमानांच्या फोनमध्ये त्यांचं गुगल खातं असणार. सलग दोन वर्षं कुणीच न वापरलेलं वैयक्तिक खातं, त्यातल्या मेल आणि फोटोंसकट, गुगल काढून टाकू शकतं. हा नियम २०२३ मध्ये जाहीर झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून लागू झाला. त्यांचे फोटो त्या खात्यात चढलेले असतील, तर तुमच्या हातात पाचेक महिने आहेत. चढलेले नसतील, तर ते फक्त त्या कपाटातल्या फोनमध्ये आहेत, आणि बंद पडून राहिलेल्या फोनची बॅटरी कधी दगा देईल हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून तुमच्या एकोणीस हजार फोटोंना थोडं थांबू द्या. आधी तो फोन.

धीर होत नाही असं तुम्ही लिहिलंत, ते मला समजतं. हे काम एकटीनं करायचं नाही. मुलगा ज्या रविवारी घरी येईल त्या रविवारी करा, फक्त तो रविवार याच महिन्यातला असू द्या.

फोन हातात घेतला की पहिल्यांदा तो टेबलावर पालथा ठेवून पाहा. मागची बाजू फुगलेली वाटली, काच कडेनं उचललेली दिसली, तर चार्जरला अजिबात लावू नका. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. तसाच दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि बॅटरी बदलून घ्या. बॅटरी बदलल्यानं फोटो जात नाहीत, पण दुकानदाराला स्पष्ट शब्दांत सांगा की ‘रिसेट मारायचा नाही’. शक्य असेल तर काम होईपर्यंत समोरच बसा.

फोन ठीक असेल तर तासभर चार्ज होऊ द्या, सुरू करा, पॅटर्न घाला. आता सगळ्यात आधी, कोणतंही ॲप उघडायच्या आधी, फोन केबलनं मुलाच्या लॅपटॉपला जोडा. फोनच्या पडद्यावर ‘फाइल ट्रान्सफर’ असा पर्याय येईल, तो निवडा. आत ‘डीसीआयएम’ नावाचं फोल्डर दिसेल. कॅमेऱ्यानं काढलेले फोटो त्यातच असतात. ते अख्खं लॅपटॉपवर कॉपी करा. व्हॉट्सॲपचे फोटो वेगळीकडे असतात: ‘अँड्रॉइड’, त्यात ‘मीडिया’, त्यात व्हॉट्सॲपचं फोल्डर. तेही कॉपी करा. कट नाही, कॉपी. याला इंटरनेट लागत नाही, पासवर्ड लागत नाही, ओटीपी लागत नाही, फक्त तुम्हाला माहीत असलेला पॅटर्न लागतो. त्या फोनमधलं व्हॉट्सॲप मात्र काढून टाकू नका. नव्या अँड्रॉइडमध्ये ॲप काढलं की त्याच्यासोबत ते फोल्डरही जातं.

एवढं झालं की निम्मं काम झालं. मग वायफाय लावा आणि त्या फोनवर गुगल फोटोज उघडा. नुसतं उघडलं तरी खातं वापरात असल्याची नोंद होते. वर उजवीकडे त्यांचा फोटो किंवा नावाचं अक्षर असलेला गोल आहे, त्यावर बोट ठेवा. तिथं ‘बॅकअप पूर्ण’ असं काही दिसेल किंवा ‘बॅकअप बंद आहे’ असं. पूर्ण असेल तर त्यांचे फोटो खात्यात सुखरूप आहेत. मग त्याच ॲपमध्ये ‘पार्टनर शेअरिंग’ची सोय आहे, तिच्यातून ते सगळे फोटो तुमच्या खात्याला दाखवता येतात. तुमच्या बाजूनं ‘माझ्या खात्यात साठव’ हा पर्यायही चालू करा. नुसतं दाखवलेलं त्यांचं खातं गेलं की जाईल. साठवलेलं तुमचं होतं, आणि तुमच्या जागेत मोजलं जातं.

खातं पासवर्ड मागेल अशीही शक्यता आहे. पासवर्ड आठवत नसेल तर अंदाजानं दहा वेळा घालून पाहू नका. ओटीपी त्यांच्याच नंबरवर येणार, म्हणून त्या सिमचं काय झालं ते आज बघा. बराच काळ रिचार्ज नसलेला नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो. अजून चालू असेल तर छोटं रिचार्ज मारून हे सगळं संपेपर्यंत जिवंत ठेवा. नंबर गेलाच असेल, तरी दिवंगत व्यक्तीच्या खात्याबद्दल कुटुंबीयांना गुगलकडे अर्ज करता येतो. त्याला मृत्यू दाखल्यासारखी कागदपत्रं लागतात, वेळ जातो आणि सगळं मिळेलच याची हमी नसते. म्हणूनच केबलची कॉपी आधी.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

सांगलीत माझा फोटो स्टुडिओ होता. रोलचे दिवस होते ते. छत्तीसचा रोल धुवायचा, निगेटिव्हच्या पट्ट्या कापून पाकिटात घालायच्या, वर नाव आणि तारीख लिहायची, आणि गिऱ्हाइकाला मॅक्सी साइजच्या कॉप्यांचा अल्बम द्यायचा. पाहुण्यांना दाखवायला अल्बम. तो फाटला, डाग पडला, कुणी फोटो काढून नेला, तरी माणूस परत दुकानात यायचा आणि म्हणायचा, ‘निगेटिव्ह आहे ना?’ निगेटिव्ह असली की चिंता नव्हती.

फोन आल्यावर ही दोन नावं आपल्या बोलण्यातून गेली, पण त्या दोन गोष्टी अजून तशाच आहेत. गॅलरी म्हणजे अल्बम. ती फोटो दाखवते, लावून ठेवते, शोधून देते. फोटोंची मूळ प्रत जिथं साठते ती जागा वेगळी: फोनची मेमरी, गुगलचं खातं, ॲपलचं खातं किंवा तुमची हार्ड डिस्क. तुमचा मुलगा, मुलगी आणि पुतण्या तिघंही तुम्हाला ‘ॲप’ सांगत आहेत, पण पुतण्यानं दिलेला नुसता अल्बम आहे आणि मुलांनी सांगितलेली निगेटिव्ह ठेवायची कपाटं आहेत. कोणतंही ॲप पुढे आलं की एकच विचारा: यात माझी निगेटिव्ह कुठे राहणार?

पुतण्याचं ॲप काढून टाका. जाहिराती हे त्याचं लहान कारण. मोठं कारण असं की अशी लहान, फुकट गॅलरी ॲप्स विकली जातात आणि मालक बदलला की त्यांचा स्वभाव बदलतो. क्विकपिक नावाचं एक हलकं, नेटकं ॲप एके काळी फार लोकप्रिय होतं. २०१५ मध्ये ते एका मोठ्या कंपनीनं विकत घेतलं आणि जुन्या वापरकर्त्यांचा त्यावरचा विश्वास उडाला. सिंपल गॅलरी तर बिनजाहिरातीचं म्हणूनच लोक वापरत होते. तेही २०२३ मध्ये विकलं गेलं. त्याच्यावर आधीपासून काम करणाऱ्यांपैकी काहींनी त्याच मुक्त, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या, कोडवरून फॉसिफाय गॅलरी उभी केली, ती आजही जाहिरातींविना मिळते. तुम्हाला मात्र तीही नको. फोनसोबत आलेली गॅलरी फोटो पाहायला पुरेशी आहे.

पण पुतण्याचं ॲप काढायच्या आधी एक तपासा. त्यात ‘लपवलेले’, ‘लॉकर’, ‘व्हॉल्ट’ असं काही आहे का, आणि त्यात कधी फोटो टाकले गेलेत का? अशी ॲप्स फोटो उचलून स्वतःच्या पोटात ठेवतात. ॲप काढलं की ते फोटोही जातात. असतील तर आधी बाहेर काढा, नेहमीच्या गॅलरीत दिसतात याची खात्री करा, मगच ॲप काढा.

आयक्लाऊडबद्दल मुलीचं म्हणणं तिच्यापुरतं बरोबर आहे. आयफोनवर ते उत्तम चालतं. पण तुमच्याकडे अँड्रॉइड आहे, आणि तिथं आयक्लाऊडचे फोटो पाहायचे तर ब्राउझरमध्ये जाऊन लॉगिन करावं लागतं. तुमचे फोटो आपोआप तिकडे चढणारही नाहीत. शिवाय फुकट जागा ५ जीबीच. तो विषय सोडून द्या. गुगल फोटोज मात्र आयफोनवरही चालतं. मुलीला ते घ्यायला सांगा, एक सामायिक अल्बम करा, नातवंडांचे फोटो तिनं त्यात टाकावेत. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो आणि तो कधी, कुठे काढला ही माहिती त्यातून गळून गेलेली असते. अल्बममधून तो तुमच्याकडे बऱ्या अवस्थेत आणि खऱ्या तारखेसह येईल.

म्हणजे तुमच्यासाठी माझं उत्तर गुगल फोटोज. तुमचा फोन अँड्रॉइड, मुलगा तेच वापरतो, यजमानांचे फोटो बहुधा तिथंच, आणि मराठी माणसाला शेजारीपाजारी विचारायला कुणीतरी सापडेल असं ते ॲप आहे. शेवटची गोष्ट मी फार महत्त्वाची मानतो. अडल्यावर घरातलं कुणी मदत करू शकेल अशीच जागा निवडावी.

खर्चाचं सांगतो. २०१५ मध्ये गुगल फोटोज आलं तेव्हा थोड्या कमी दर्जात हवे तेवढे फोटो फुकट ठेवता येत होते. १ जून २०२१ पासून ते थांबलं. त्याआधी त्या दर्जात चढवलेले फोटो आजही जागेत मोजले जात नाहीत, नंतरचे जातात. फुकट १५ जीबी मिळतात, पण त्यातच तुमचे ईमेल, ड्राइव्हवरच्या फाइली, फोटो आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही. तुमचे निम्मे फोटो कॅमेऱ्याचे धरले तरी ते तीस-पस्तीस जीबी सहज होतील, व्हिडिओ वेगळेच. १५ मध्ये ते बसणार नाहीत. भारतात १०० जीबीची योजना महिन्याला साधारण १३० रुपयांना आणि वर्षाचे एकदम भरले तर १,३०० च्या आसपास मिळते. पैसे भरण्याआधी मुलाला विचारा, त्याच्याकडे आधीच योजना आहे का. एक योजना कुटुंबातल्या आणखी पाच जणांना वापरता येते. फक्त जागा वाटली जाते, एकमेकांचे फोटो दिसत नाहीत. सगळे एकाच देशात राहणारे हवेत, त्यामुळे मुलीला त्यात घेता येणार नाही.

आणि पैसे फक्त ॲपच्या आतूनच भरायचे. ‘तुमचे फोटो आज रात्री डिलीट होणार, इथे क्लिक करा’ अशा मेल आणि मेसेजचा सुळसुळाट आहे. त्यातली एकही लिंक उघडू नका.

चढवताना दोन दर्जे विचारले जातील. ‘ओरिजिनल’ म्हणजे फोटो आहे तसा. ‘स्टोरेज सेव्हर’ म्हणजे १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो लहान करून, व्हिडिओ १०८० पीपर्यंत आणून. आयुष्यभर फोटो छापलेला माणूस म्हणून सांगतो, १६ मेगापिक्सेलचा फोटो २४ बाय १६ इंचांपर्यंत चांगला छापता येतो. भिंतीवर लावायला एवढं पुष्कळ झालं. तुमच्या फोटोंना स्टोरेज सेव्हर चालेल. यजमानांच्या फोटोंची मूळ कॉपी लॅपटॉपवर घेतलीच आहे, तिला हात लावू नका.

आता तुमची भीती. ती खोटी नाही. गुगल फोटोजमध्ये दोन गोष्टी दिसायला सारख्या आहेत आणि त्यांचा परिणाम उलटा आहे. ‘फ्री अप स्पेस’ म्हणजे ज्या फोटोंचा बॅकअप झालेला आहे त्यांची फोनमधली प्रत काढून जागा मोकळी करणं. खात्यातला फोटो तसाच राहतो, ॲपमध्ये दिसतही राहतो. पण तुम्ही त्याच ॲपमध्ये फोटो निवडून कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबलंत, तर तो फोनमधूनही जातो आणि खात्यातूनही. ‘खात्यात आहेच की, मग इथून पुसते’ असं समजून लोक डबा दाबतात, आणि निगेटिव्ह व अल्बम दोन्ही जातात. बॅकअप झालेला फोटो डब्यात ६० दिवस राहतो, न झालेला ३०. तोवर परत आणता येतो. म्हणून जागा मोकळी करायची तेव्हा प्रोफाइलच्या गोलावर बोट ठेवून ‘फ्री अप स्पेस’च निवडा. डबा फक्त जे खरंच नको आहे त्याच्यासाठी. हे दोन वाक्यांत एका कागदावर लिहून फोनच्या कव्हरमध्ये ठेवा, पहिले काही महिने उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना कळत नाही. गुगल फोटोज आपोआप बॅकअप घेतं ते कॅमेऱ्याच्या फोटोंचा. व्हॉट्सॲपचं फोल्डर वेगळं चालू करावं लागतं. तुम्ही ते सरसकट चालू करू नका, नाहीतर सगळे सुप्रभात पैसे देऊन साठवाल. व्हॉट्सॲपमधला जो फोटो हवा तो उघडून त्याच्यापुरता बॅकअप देता येतो.

पसारा आवरायला व्हॉट्सॲपपासूनच सुरुवात करा. त्याच्या सेटिंगमध्ये ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद केली की नवे फोटो गॅलरीत येऊन पडत नाहीत. मग ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा. कुठल्या ग्रुपनं किती जागा खाल्ली ते उतरत्या क्रमानं दिसतं. शाळेच्या जुन्या ग्रुपमध्ये पोषण आहाराचे, वृक्षारोपणाचे, प्रभातफेरीचे फोटो असणार, एकेका कार्यक्रमाचे पन्नास-पन्नास, वर पाठवायचे म्हणून काढलेले. त्यातले दोन-चार ठेवा. मुलांचे चेहरे असलेले बाकीचे फोटो तुमच्या फोनमध्ये राहायचं आता काही कारण नाही, आणि ते पुढे कुठे पाठवूही नका. सगळ्यात जास्त जागा व्हिडिओ खातात, म्हणून ते आधी पाहा. एका बैठकीत एकोणीस हजार फोटो आवरायला जाऊ नका. एका वेळी एक महिना घ्या, आणि सगळ्यात जुन्या वर्षापासून सुरू करा. जुन्या फोटोंबद्दल आपला निर्णय लवकर होतो.

सातबारा, आधार, पासबुक यांचे फोटो गॅलरीत मोकळे ठेवू नका. फोन दुसऱ्याच्या हातात गेला की तेच पहिले दिसतात. गुगल फोटोजमध्ये ‘लॉक्ड फोल्डर’ आहे, तिथं टाका. आधार तर डिजीलॉकरमध्येही ठेवता येतं, त्याचा फोटो लागतच नाही.

तुमच्या मनात एक शंका येईल, किंवा मुलगी बोलून दाखवेल: गुगलला आपले सगळे फोटो का द्यायचे? शंका रास्त आहे. गुगल फोटोजमधली चित्रं कंपनीच्या यंत्रणेला वाचता येतात, म्हणून तर ‘गणपती’ शोधलं की गणपती सापडतात आणि एकाच चेहऱ्याचे फोटो एकत्र लागतात. चेहरे जुळवणं सेटिंगमधून बंद करता येतं. याहून जास्त खाजगीपणा हवा असेल तर एंटे नावाची सेवा आहे, भारतीय अभियंत्यानं सुरू केलेली. तिथं फोटो तुमच्या फोनमध्येच कुलूपबंद होऊन मग वर जातात, कंपनीलाही उघडता येत नाहीत. मला तिचा आदर वाटतो. पण पासवर्ड विसरलात आणि खातं परत उघडायला मिळालेली चोवीस शब्दांची किल्लीही हरवलीत, तर जगात कुणीही ते फोटो परत देऊ शकत नाही. एकोणीस महिने कपाटातल्या फोनची काळजी करणाऱ्या घराला मी आज ती जोखीम सुचवणार नाही. मुलानं ती किल्ली सांभाळायची जबाबदारी घेतली तर पुढे विचार करा.

गुगलवर फोटो चढले म्हणजे काम संपलं, असंही नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी तिथं ४५ आहे. माझ्या दुकानात निगेटिव्हचं कपाट होतं, खालचे तीन कप्पे पाण्यात. ओल्या निगेटिव्ह वाळायच्या आत स्वच्छ पाण्यात धुवून एकेक टांगल्या तर वाचतात, हे मला माहीत होतं. पण आठवडाभर दुकानापर्यंत पोचताच आलं नाही. उघडलं तेव्हा पट्ट्या एकमेकींना चिकटून त्यांच्या वड्या झाल्या होत्या. लोक यायचे, लग्नाच्या निगेटिव्ह विचारायचे, कारण घरातले अल्बमही त्याच पाण्यात गेले होते. मी काय सांगणार? ज्यांच्या बहिणीकडे पुण्याला किंवा मामाकडे मुंबईला दोन-चार कॉप्या होत्या, त्यांचेच फोटो परत आले. मी ते फोटोवरून फोटो काढून मोठे करून दिले. एकाही घराकडून त्याचे पैसे घेववले नाहीत.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, एक प्रत दुसऱ्या गावात हवी. गुगलचं खातं ही एक प्रत झाली, पण ती एका पासवर्डवर टांगलेली आहे. दुसरी प्रत एका हार्ड डिस्कवर घ्या. १ टीबीची तुम्हाला आयुष्यभर पुरेल. पेनड्राइव्ह नको, तो वर्षानुवर्षं पडून राहण्यासाठी नसतो आणि हरवतोही पटकन. दिवाळीला मुलगा येतो तेव्हा लॅपटॉपला जोडून नवे फोटो घालायचे, गुढीपाडव्याला पुन्हा एकदा. डिस्क त्याच्याकडे पुण्याला राहू द्या, बार्शीत नको.

तुमच्या खात्याचाही विचार आत्ताच करा. गुगलच्या सेटिंगमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. खातं किती महिने शांत राहिलं की कुणाला कळवायचं आणि काय काय द्यायचं, हे तिथं आपणच लिहून ठेवतो. ३ महिन्यांपासून १८ महिन्यांपर्यंत मुदत निवडता येते, दहा माणसांपर्यंत नावं देता येतात. दोन्ही मुलांची नावं घाला. मुलीच्या आयफोनमध्येही ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ म्हणून अशीच सोय आहे, तिला तिची करायला सांगा. तरुण आहे म्हणून तिनं टाळू नये.

घरात कागदाचे जुने फोटो असतील, तर तेही याच खात्यात आणा. फोनवरच फोटो काढा, पण फ्लॅश बंद करून, खिडकीपाशी, थेट ऊन येत नाही अशा उजेडात, फोटो टेबलावर सपाट ठेवून आणि फोन बरोबर वरून धरून. फोटोच्या मागे नावं लिहायची असतील तर मऊ शिसपेन्सिलीनं लिहा, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. गुगल फोटोजमध्ये तारीख बदलता येते, तेव्हा १९८८ चा फोटो १९८८ मध्येच लावा. त्यात कोण कोण आहे ते खाली लिहा. तुमच्या सासूबाईंच्या शेजारी उभी असलेली बाई कोण, हे सांगू शकणारं माणूस आता घरात बहुधा तुम्हीच आहात.

आणि यजमानांच्या फोटोंतले छत्तीस निवडून छापून घ्या, एक रोल समजून. त्यांनी स्वतः काढलेले निवडा, त्यांचे नव्हे. त्यांना काय बघावंसं वाटत होतं ते त्यातून दिसेल. हे निवडायला घाई नाही, वर्ष लागलं तरी चालेल.

घाई फक्त त्या फोनची आहे. तो सुरू झाला की गुगल फोटोजच्या गोलामागे कोणते शब्द दिसतात ते जसेच्या तसे लिहून कळवा. पासवर्ड मागितला, किंवा फोन सुरूच झाला नाही, तरीही कळवा. फोन सुरू न होण्याची कारणं पुष्कळ असतात आणि त्यातल्या बऱ्याच वेळी आतली मेमरी शाबूत असते. तोवर त्यातलं काहीही पुसू नका, आणि तो फोन एक्स्चेंजमध्ये तर अजिबात देऊ नका.